वाकडेमामांचा डावा हात

डावं म्हणजे कुणाचं डावं?

नगरच्या आमच्या नर्सिंग शाळेत मी पंचवीस वर्षं शरीररचना शिकवली आणि दर वर्षी पहिल्या तासाला हाच प्रश्न विचारला. फळ्यावर माणसाचा पूर्ण उंचीचा चार्ट टांगलेला असायचा. एखादी धीट मुलगी उठायची, चार्टाच्या डाव्या अंगाला पट्टी लावायची आणि म्हणायची, "हे डावं, मॅडम." मी म्हणायची, "बाई, ते तुझं डावं. पेशंटचं उजवं. उद्या भलताच पाय ऑपरेशनला तयार करून ठेवशील आणि वर मलाच विचारशील, माझं काय चुकलं?" मुली माना खाली घालून हसायच्या. मी हसत नसे. डाव्या-उजव्याची चूक मी कुणालाच माफ केली नाही, तोंडी परीक्षेत तर नाहीच. मुली माझ्या पाठीमागं मला 'कात्री' म्हणायच्या. ते मला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

तो चार्ट मी स्वतः काढलेला. पंच्याण्णव साली शाळेत माणसाचं एकच चित्र होतं, तेही वाळवीनं कमरेपर्यंत खाल्लेलं, आणि इन्स्पेक्शन चार दिवसांवर आलं होतं. माझा नवरा जेम्स तिथल्याच हॉस्पिटलात पंप ऑपरेटर होता. पाण्याच्या मोटारी, जनरेटर, सगळं त्याच्याकडं. आमच्यात नवऱ्याला नावानं हाक मारत नाहीत, तोंडावर मी 'अहो'च म्हणायची. पण मनात तो जेम्सच होता, आणि मनात कुणी कुणाला अहो-जाहो करत नाही.

माझी चिंता बघून तो म्हणाला, "चित्र कशापायी पायजे? मी हाय की सहा फुटी. मलाच आखून घे."

मांजरपाटाचं लांबलचक कापड आणलं, खळ घालून कडक केलं आणि क्वार्टरच्या फरशीवर अंथरलं. जेम्स बनियन-चड्डीवर त्यावर उताणा झोपला. मी कोळसा घेऊन डोक्यापासून सुरुवात केली. मानेपर्यंत ठीक चाललं. काखेपाशी कोळसा गेला आणि हा माणूस खुदखुदायला लागला. रेघ हलली. पुसून पुन्हा काढली, पुन्हा हलली.

"अहो, गप पडा की जरा."

"आगं, गुदगुल्या हुत्यात. आन् तुझ्याकडं बघितलं की जास्तीच हसू येतंय. थांब, मी पालथाच पडतो. माझं त्वांड थोडंच काढायचंय तुला?"

पटलं मला. तो पालथा पडला. मी त्याला नियमाप्रमाणं हात अंगालगत सरळ ठेवायला लावले, तळवे खाली फरशीकडं, अंगठे बाहेर. उभ्या माणसाच्या भाषेत तळवे पुढं. शरीररचनेत माणूस नेहमी असाच धरतात.

"तळवं पुढं करून कोन हुबं ऱ्हातं गं?" तो कापडात तोंड खुपसून म्हणाला. "भीक मागायचीय का?"

"पुस्तकात तसं आहे म्हणून."

"पन का?"

"मला माहीत नाही. हलू नका."

त्याचा डावा हात कोपरातून वाकडा होता. लहानपणी पुणतांब्याला चिंचेवरून पडला, हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या आणि हाड जुळलं ते आत कललेलंच. मी कोळसा त्या वळणावरून सावकाश नेला. लग्नाला सात वर्षं झाली होती, तरी तो हात इतक्या जवळून मी पहिल्यांदाच बघत होते. कारण एरवी तो लपवायचा. फोटोत तर हमखास पाठीमागं घ्यायचा.

मग तीन दिवस मी आतलं सगळं रंगवलं. फुप्फुसं, उजव्या बरगड्यांखाली लिव्हर, डावीकडं प्लीहा, आतड्यांची वेटोळी, लाल रोहिण्या, निळ्या नीला, हाताच्या टोकापर्यंत गेलेल्या पिवळ्या नसा. चौथ्या दिवशी पहाटे चार्ट भिंतीला टांगला, चार पावलं मागं सरकले आणि चूक दिसली. वाकडा हात उजवा झाला होता. माणूस पालथा, त्याची पाठीमागून काढलेली रेघ, आणि त्या रेघेत मी अवयव भरले होते पुढून दिसतात तसे. सगळ्या वर्गाला डावं-उजवं शिकवणाऱ्या बाईनं स्वतःच्या नवऱ्याचं डावं-उजवं उलटं केलं होतं.

जेम्स हसून हसून लोळला. "ह्यो मी न्हाईच. ह्यो माझा आरशातला भाऊ."

"कुणाला बोलायचं नाही," मी दम भरला. दहा वाजता इन्स्पेक्शन होतं. तपासनीस बाईंनी चार्टाचं कौतुक केलं, आणि मग ती गोष्ट तशीच राहिली. जेम्स शेवटपर्यंत कुणाला बोलला नाही. मुलींनी चार्टाला 'वाकडेमामा' नाव ठेवलं. वाकडा हात आणि आत वळलेली पावलं म्हणून. पुढच्या प्रत्येक बॅचनं मागच्या बॅचकडून ते नाव घेतलं.

मी वीस साली रिटायर झाले. एकवीसच्या एप्रिलमध्ये जेम्स गेला. हॉस्पिटलात तो वरच्या मजल्यावर होता आणि मी खालच्या, दोघंही ऑक्सिजनवर. आमच्या घरात पेटी बंद करायच्या आधी जवळचं माणूस गेलेल्याचा हात एकदा हातात धरतं. सासूबाईंचा जेम्सनं धरला होता, सासऱ्यांचा मी. जेम्सचा कुणीच धरला नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या माणसाला चार अनोळखी माणसांनी पुरलं आणि मला ते दुसऱ्या दिवशी कळलं. कुणाचा दोष नव्हता, ते दिवसच तसे होते.

आता त्याची कबर आहे, तिच्यावर क्रूस आहे, नाव आहे. मी जाते, फुलं ठेवते. पण मला त्याचा हात पाहिजे. एवढंच पाहिजे आणि ते होणारं नाही, हे मला कळतं. मातीत चार वर्षांनी हाताचं काय उरतं, हे मला दुसऱ्या कुणी सांगायला नको. सत्तावीस हाडं उरतात. भूक लागली की पोट सांगतं, पाणी कमी पडलं की जीभ सांगते. पण कातडीला माणसाची भूक लागते ती कुठून सांगते, हे कुठल्या पुस्तकात नाही. पुणतांब्याच्या त्याच्या घरात मी एकटी राहते, आणि सकाळी उठल्यावर कधीकधी उजवा तळवा उगाच उघडा पडलेला असतो. घरात त्याचे अकरा फोटो आहेत. एकातही डावा हात नाही.

गेल्या डिसेंबरात आराधनाचा फोन आला. ही माझी जुनी विद्यार्थिनी, आता त्याच शाळेची प्राचार्य.

"मॅडम, शाळेचा अमृतमहोत्सव आहे. तुमचा चार्ट आम्ही दर्शनी हॉलमध्ये लावतोय. काचेत, खाली तुमचं नाव. आता वर्गात मोठा स्क्रीन आलाय ना, चार्ट लागत नाही."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

"फक्त एक आहे," ती म्हणाली. "फ्रेमवाल्याकडं एवढी लांब काच नाही. पावलं मागं दुमडून घेऊ म्हणतो तो. घोट्याखाली तसंही फार काही दाखवलेलं नाहीये."

मी फोन ठेवला. काचेत घातला की त्याला कुणाला हात लावता येणार नव्हता. मलाही नाही. पुन्हा एकदा तो पलीकडं आणि मी अलीकडं, मध्ये गुळगुळीत काहीतरी. आणि वर त्याचे पाय दुमडणार. जगात जेम्सच्या अंगाची खरी रेघ एकाच ठिकाणी होती, डाव्या हातासकट, आणि ती मी इतकी वर्षं शाळेची म्हणून तिथंच ठेवून आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून श्रीरामपूरवरून नगरला गेले.

वर्गात आराधनानं आधी स्क्रीन दाखवला. बोट फिरवलं की माणूस फिरतो, टिचकी मारली की लिव्हर बाहेर येतं, कातडी काढता येते, परत घालता येते. चांगलं होतं. माझ्या काळी मिळालं असतं तर मी सगळ्यात आधी घेतलं असतं. पण त्या माणसाला कधी कुणी गुदगुल्या केलेल्या नव्हत्या.

कोपऱ्यात फरशीवर वाकडेमामा पसरले होते. फ्रेमवाला गुडघ्यावर बसून टेप लावत होता. शेजारी संस्थेचे सेक्रेटरी सॅमसन सर उभे होते, आणि बाकांवर पहिल्या वर्षाच्या मुली.

"सर," मी म्हणाले, "हा चार्ट मला घरी न्यायचाय."

सॅमसन सर भला माणूस आहे. हसून म्हणाले, "मॅडम, तुमचाच सत्कार आहे हा. पत्रिकेत छापलंय. आणि वस्तू संस्थेची, अशी कशी देऊ? पण तुम्हाला घरी कशाला हवाय?"

सांगायचं साधं होतं. माझा नवरा आहे तो. एवढे चार शब्द. जीभ आठ स्नायूंवर चालते, मी शिकवलंय, आणि त्यातला एकही हलेना. चाळीस मुलींच्या समोर नवऱ्यासाठी रडायची सवय मला नव्हती. रागवायची होती. तेवढ्यात फ्रेमवाल्यानं घोट्यापाशी कापड उचललं आणि दुमड घातली.

"थांबा," मी म्हणाले. आवाज जुनाच निघाला. मागच्या बाकावरची कुजबुज बंद झाली. "आराधना, पट्टी घे."

प्राचार्य बाईंनी निमूट पट्टी घेतली.

"पावलं बघ. बोटं कुठं वळलीत?"

"आत, मॅडम."

"उताण्या माणसाची पावलं कुठं पडतात?"

"बाहेर."

"मग हा माणूस कसा आहे?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, अडली. "पालथा आहे, मॅडम."

"आणि वाकडा हात कुठला?"

"डावा," ती हळू म्हणाली.

"बरोबर." मी मुलींकडं वळले. "पालथ्या माणसाच्या रेघेत मी पुढून दिसणारं पोट भरलंय. सोप्या भाषेत, हा चार्ट उलटा आहे. पंचवीस वर्षं मी उलटा चार्ट शिकवला आणि त्याच पंचवीस वर्षांत डाव्या-उजव्यासाठी तुमच्यासारख्या पोरींना नापास केलं. सर, हा काचेत लावा, खाली माझं नाव घाला, आणि बाहेरचे डॉक्टर लोक बघायला आले की त्यांना हेही सांगा."

कुणीतरी फिसकन हसलं. माझे कान तापले, चेहरा तापला. लाजेनं रक्तवाहिन्या रुंदावतात, त्याला इलाज नसतो. पंचवीस वर्षांत कमावलेली कात्रीची धार मी एका मिनिटात घालवली होती आणि मला त्याचं वाईट वाटत होतं. पण नजर मी फ्रेमवाल्याच्या हातावरून हलवली नाही. त्यानं दुमड सोडून दिली.

सॅमसन सर चार्टाकडं बघत राहिले, मग आराधनाकडं. "असं असेल तर अवघड आहे," ते शेवटी म्हणाले. "चुकीची वस्तू दर्शनी भागात कशी लावायची? तुम्ही घेऊन जा, मॅडम. सत्काराचं आपण वेगळं बघू."

मी गुडघे टेकून स्वतः गुंडाळी केली, पायांकडून वर. फाटकापर्यंत ती आराधनानं हट्टानं उचलून आणली. रिक्षा येईपर्यंत आम्ही कडुनिंबाखाली उभ्या राहिलो.

"मॅडम, दोन हजार चारला तुम्ही मला तोंडीत नापास केलं होतं," ती म्हणाली. "आठवतं?"

"कितीतरी जणींना केलं. कोण कोण आठवू?"

"तुम्ही विचारलं, वाकडा हात कुठला. मी म्हणाले, डावा. तुम्ही पट्टी आपटलीत. म्हणालात, तीन महिने काय झोपा काढल्यास का?"

मी तिच्याकडं बघितलं.

"मी चार्ट बघून नव्हतं सांगितलं, मॅडम. हॉस्टेलचं पाणी गेलं की जेम्सकाका यायचे. पान्हा उजव्या हातात आणि डावा हात असा." तिनं कोपर आत घेऊन दाखवलं. हुबेहूब दाखवलं. "पहिल्या दिवशी चार्ट बघितला तेव्हाच मी ओळखलं, हे काका आहेत. काकांचा डावा वाकडा. म्हणून डावा म्हणाले. आजसुद्धा मी पावलं बघून उत्तर दिलं नाही."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तुमच्यापुढं?" ती हसली. मग डोळे पुसायला लागली. "काका गेले तेव्हा आम्हाला कुणालाच येता आलं नाही, मॅडम."

एकवीस वर्षांपूर्वी मी त्या मुलीला डाव्या-उजव्यात कच्ची ठरवून विसरून गेले होते. आणि साऱ्या शाळेत माझ्या नवऱ्याला रेघेवरून ओळखणारी ती एकटी होती. "तुझं बरोबर होतं," मी म्हणाले. "चूक माझी होती. मला माफ कर." कुठल्याही विद्यार्थिनीला मी असं कधी म्हटलं नव्हतं. तिनं वाकून गुंडाळी माझ्या हातात दिली, एखादं निजलेलं मूल द्यावं तशी.

एसटीत गुंडाळी मी खिडकीशी उभी धरली. कंडक्टरनं विचारलं, "आजी, काय हाय त्याच्यात?"

"माणूस हाय."

"मग त्याचंबी तिकीट काढा की," तो म्हणाला आणि पुढं गेला. जेम्स असता तर त्याला हे दिवसभर पुरलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चार्ट उघडला. आमच्या घराची भिंत बुटकी, टांगला की पावलं जमिनीला लागायला लागली. म्हणून वरखालच्या बांबूच्या काठ्या काढल्या आणि पुढच्या खोलीत फरशीवर अंथरला. खळ कधीच गेली होती, कापड जुन्या धोतरासारखं मऊ झालं होतं. मी कडेनं बसून रेघेवरून बोट फिरवलं. डोकं, मान, जिथं रेघ थरथरली होती ती काख. छातीत चार कप्पे काढलेले. हृदय म्हणजे नुसता रक्ताचा पंप, त्यात प्रेमबिम काही नसतं, असं मी वर्गात ठासून सांगायची. घरी येऊन तेच जेम्सला सांगितलं तर म्हणाला होता, "पंपाचं मला नगं शिकवू. पंपानं हवा धरली की मोटार फिरती, पन पानी येत न्हाई. मानसाचंबी तसंच आसंल." चार वर्षं माझं तसंच चाललंय. मोटार फिरते.

प्रवासानं अंग मोडून आलं होतं आणि गार वारा सुटला होता. उठून गोधडी आणायचाही कंटाळा आला. मी तिथंच आडवी झाले, उताणी, आणि तेच कापड अंगावर ओढून घेतलं. रंगाची बाजू वर, डोक्याकडं डोकं. कापडातून दुपारचं ऊन दिसत होतं आणि उजेडात रंग उलट बाजूनंही उमटले होते. लाल, निळं, पिवळं. सवयीनं मी तपासायला लागले. चार्टाचं लिव्हर बरोबर माझ्या लिव्हरवर आलं होतं. प्लीहा प्लीहेवर. हृदय हृदयावर, डावीकडं. आतलं सगळं माझ्याशी जुळत होतं.

आणि बाहेरची रेघ जेम्सची. तो कापडाच्या या वरच्याच बाजूवर पडला होता, पालथा, तोंड खाली करून. म्हणजे माझ्याकडं करून.

पालथ्या माणसाचा डावा हात खालच्या उताण्या माणसाच्या उजव्या अंगाला येतो. हे मला कुणी परीक्षेत विचारलं असतं तर झोपेत सांगितलं असतं, आणि एवढ्या वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. मी उजवा हात अंगालगत सरळ केला आणि नियमाप्रमाणं तळवा वर वळवला, अंगठा बाहेर. कोपर थोडा आत घ्यावा लागला, कारण रेघ तिथं आत वळत होती. मग माझा तळवा त्याच्या तळव्याखाली आला. बोटं बोटांना लागली. त्याची माझ्यापेक्षा अर्धं पेर लांब होती, तेवढी आत्ताही होती.

तळवे पुढं का असतात, असं तो विचारत होता. मला माहीत नाही म्हणून मी त्याला गप्प केलं होतं. अहो, यासाठी असतात.

मी कापडासकट बोटं मिटली आणि तो हात धरला.